बॉयलरला पाणी कोण घालतं

त्या घरात एक आई होती, दोन बहिणी होत्या आणि एक अबोला होता. अबोल्याला स्वतःची खोली नव्हती एवढंच, बाकी तो घरच्या माणसासारखाच वावरायचा. थोरली खालच्या मजल्यावर राहायची, तिथेच पडद्यांची शिलाई करायची. धाकटी सगळ्यात वर, आणि रोज सकाळी दवाखान्यात औषधं द्यायला जायची. मधल्या मजल्यावर आई. बहिणींचं एकमेकींशी जे काही असायचं ते आईमार्फत.

"आई, तिला सांग दूध संपलंय."

"आई, तिला सांग मलाही डोळे आहेत."

"मी काय टपालखातं आहे का गं?" आई म्हणायची, पण निरोप पोचवायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिला दुसरा उद्योग उरला नव्हता.

त्यात न्हाणीघरातला गरम पाण्याचा बंब मेला. आईचे गुडघे रोज गरम पाण्यात बुडाले नाहीत तर आखडून बसतील, असं डॉक्टरांनी बजावलेलं. काही दिवस पातेल्यांनी पाणी वर नेऊन झालं. एकदा थोरली जिन्यात घसरली, पातेलं गडगडत खाली गेलं. त्यानंतर धाकटीचा निरोप आला. तिने दवाखान्याजवळ दोन खोल्या बघितल्यात, तिथे नळाला गरम पाणी आहे, महिनाअखेर ती जाणार आणि आईला घेऊन जाणार.

"मग तू काय म्हणालीस?" थोरलीने आईला विचारलं.

"मला कुणी विचारलंय? मी सामान. उचललं की निघालं."

थोरली मशीनवर जाऊन बसली आणि एका पडद्याची किनार उलट्या बाजूला शिवून मोकळी झाली. एवढं मोठं घर, तीन मजले आणि तळघर, आणि त्यात ती एकटी. अबोलासुद्धा सोबतीला राहणार नाही. त्याला निदान दोघी लागतात.

तरी तिच्या मनात एक आशा होती आणि ती तळघरात होती. तळघरात बॉयलर होता, ओतीव लोखंडाचा, म्हशीएवढा. तो पाण्याची वाफ करायचा, वाफ नळ्यांतून खोल्याखोल्यांत चढायची, लोखंडी रेडिएटरमध्ये थंड होऊन पुन्हा पाणी व्हायची आणि मुकाट खाली यायची. आग तेलाची, ती आपली आपण पेटायची. पण या येण्याजाण्यात रोज थोडं पाणी हवेत जातंच. म्हणून बॉयलरच्या अंगावर एक उभी काचेची नळी होती, आत किती पाणी आहे ते दाखवणारी. तिच्यावर बाबांनी लाल रंगाची रेघ मारून ठेवलेली. पाणी रेघेच्या खाली गेलं की शेजारचा कॉक फिरवून भर घालायची. विसरलं तर बॉयलर कोरडा तापतो आणि तडकतो, मग घर थंड. बाबा जन्मभर कारखान्याच्या बॉयलरवर नोकरी करून आले आणि उरलेला जन्म या बॉयलरवर काढला. काच बघितल्याशिवाय ते चहाला शिवत नसत.

बाबा गेले त्याला दोन हिवाळे झाले, तिसरा चालू होता. त्या तळघरात थोरलीला जाववत नव्हतं. क्वचित काही ठेवायला-काढायला म्हणून दाराशी जायची, दिव्याच्या उजेडात लांबूनच काच दिसायची. पाणी रेघेवर. कधीही बघा, बरोब्बर रेघेवर. म्हणजे धाकटी घालते. सकाळी कामावर जायच्या आधी, काही न बोलता, कुणाला न सांगता. तोंड फिरवून बसली तरी माझ्या खोलीतला रेडिएटर गार पडू देत नाही, असं थोरलीच्या मनात यायचं आणि रेडिएटरवर हात ठेवून ती काही वेळ उभी राहायची. ज्या बाईला कायमचं जायचं असतं ती रोज सकाळी बॉयलरला पाणी घालेल का?

म्हणून तिने हट्टाने फिटरला बोलावलं. गरम पाण्याची सोय इथेच झाली तर कदाचित कुणी कुठे जाणार नाही.

फिटरला गावात सगळे 'फुंकर' म्हणत, कारण कुठलाही नळीचा तुकडा जोडण्यापूर्वी तो तोंडाला लावून फुंकायचा. तोंडावर मात्र फिटरदादा. थोरली तळघराच्या दाराशीच थांबली. त्याने खाली उतरून बॉयलरभोवती एक चक्कर मारली आणि त्याच्या पाठीवर थाप दिली.

"जुना खेळाडू आहे, ताई. नवा बंब घ्यायचाच कशाला? मी तुम्हाला टाकी बसवून देतो. टाकीच्या पोटात तांब्याचं वेटोळं असतं. बॉयलरचं पाणी वाफ व्हायच्या आत, खालच्या अंगाने काढायचं, पंपाने वेटोळ्यातून फिरवायचं आणि परत बॉयलरात सोडायचं. टाकीतलं आंघोळीचं पाणी बाहेरून तापतं."

"म्हणजे बॉयलरचं गंजकं पाणी आईच्या अंगावर?"

"छे हो! दोन्ही पाणी एका घरात राहतात, एकमेकांना ऊब देतात, पण आयुष्यात एकदाही भेटत नाहीत."

थोरली त्याच्याकडे बघतच राहिली. तो मात्र आपल्याच नादात बॉयलरच्या खालच्या अंगाची लोखंडी बुचं चाचपत होता.

"काढायचं ते या रेघेच्या खालून, आणि सोडायचं तेही रेघेच्या खालीच. वरून काढलं तर पंपात वाफ शिरेल आणि तो कुत्र्यासारखा केकाटेल." त्याने वाकून भर घालायच्या कॉकवर बोट फिरवलं. "याची काळजी कोण घेतं?"

"धाकटी बहीण."

"हात लक्ष्मीचा आहे. बघा, सगळ्या तळघरावर बोटबोट धूळ आणि हा कॉक कसा आरशासारखा. रोज हात लागल्याशिवाय पितळ असं राहत नाही. आणि ही बादली. तळाचा गाळसुद्धा काढतात त्या. अजून ओली आहे."

त्याने बादली दिव्याच्या उजेडात धरली आणि पुन्हा खाली ठेवली. थोरलीने दारातूनच बघितलं. कडेला काळ्या पाण्याचा एक थेंब लोंबत होता. बादलीशेजारी बाबांचं तिपाई स्टूल होतं. त्याच्यावरही धूळ नव्हती. धाकटी बसत असेल घटकाभर, तिला वाटलं. तिने पदर सारखा केला नि ती दारातूनच मागे फिरली.

दुपारपर्यंत फुंकरने आग विझवून बॉयलर निववला आणि रिकामा केला. दोन्ही बुचं काढून तिथे नळ्या बसवल्या, प्रत्येक नळी आधी फुंकून. नळ्यांना तोट्या लावून त्या बंद केल्या. टाकी जागेवर उभी राहिली. पण पंप लोखंडी निघाला.

"हा इथे वर्षात गंजून जाईल. पितळी हवा. उद्या सकाळी घेऊन येतो. एक रात्र काढा गोधड्यांत. आणि ताई, बॉयलर रिकामा आहे, भर घालायचा कॉक मी बंद केलाय. तुमच्या बहिणीला सांगून ठेवा, सवयीने येऊन पाणी सोडतील आणि माझं काम वाढेल."

"सांगते."

"नकोच. सवय वाईट असते." त्याने पान्याने कॉकची मूठच काढली आणि खिशात टाकली. "आता कुणी फिरवू म्हटलं तरी फिरवता येणार नाही. आमच्या धंद्यातली रीत आहे. माणसाच्या शब्दावर विसंबू नये, मूठ घरी न्यावी."

थोरलीने तरी आईजवळ निरोप दिला. बॉयलरला हात लावू नकोस म्हणावं. आईने तो संध्याकाळी वर पाठवला, म्हणजे छताला काठीने ठोकून धाकटीला खाली बोलावलं आणि सांगितलं. धाकटी काय म्हणाली ते आईने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "ती हसली."

सकाळी फुंकर पितळी पंप कुशीत घेऊन आला. थोरली त्याला दार उघडून देऊन चहा ठेवायला वळली तोच खालून हाक आली.

"ताई. जरा या."

त्याच्या आवाजातली गंमत गेली होती. ती तळघराच्या दाराशी थांबली. मग, त्याने हात केला म्हणून, कितीतरी दिवसांनी सगळ्या पायऱ्या उतरली.

काचेच्या नळीत पाणी होतं. बरोब्बर लाल रेघेवर. हलतही नव्हतं.

"मी रिकामा केला होता," फुंकर म्हणाला. "तुमच्यासमोर."

"गळलं असेल कॉकमधून."

"गळलेलं पाणी रेघ बघून थांबत नाही, ताई." त्याने खिशात हात घातला. मूठ बाहेर काढली आणि तळहातावर धरली. "ही रात्रभर माझ्या उशाशी होती. बायकोला विचारा."

थोरलीचा ताबा सुटला. भीतीपेक्षा तिला राग सोपा पडला. राग येण्याजोगं माणूस घरात होतं. ती तळघरातून निघाली ती थेट सगळ्यात वरच्या मजल्यावर. मध्ये आईने "काय झालं गं?" विचारलं तेही ऐकलं नाही. धाकटी आरशासमोर वेणी घालत होती.

"तुला निरोप दिला होता ना, हात लावू नकोस म्हणून?"

दोन हिवाळ्यांनंतरचं हे पहिलं वाक्य. धाकटीच्या हातातली वेणी तशीच राहिली.

"कशाला हात लावू नको?"

"बॉयलरला. पकडीने फिरवलास का कॉक? सुखाने काम होऊ द्यायचं नाहीये का तुला? आईला न्यायचंच आहे, म्हणून?"

"मी?" धाकटी उठून उभी राहिली. "काल आईने निरोप दिला तेव्हा मला हसू आलं. वाटलं, हिचं काहीतरी चुकतंय. बॉयलर तर तू बघतेस."

"मी नाही बघत. तू बघतेस."

"ताई, मी बाबा गेल्यापासून तळघराची पायरी उतरलेली नाही."

"रोज सकाळी कामावर जायच्या आधी..."

"रोज सकाळी मी पळत सुटते, बस चुकते म्हणून. मला वाटायचं, तू. ही खालीच राहते, ही घालते. तेवढं एक तू करायचीस माझ्यासाठी, असं मला..." ती थांबली. "माझी खोली वर आहे. सगळ्यात शेवटी वाफ येते तिथे. पण कधी गार पडली नाही. मी म्हणायचे, बोलत नाही पण करते."

दोघींनी एकमेकींच्या नावावर जी माया जमा करून ठेवली होती ती तिथल्या तिथे कुणाचीच राहिली नाही. आणि तिच्या जागी एक प्रश्न येऊन उभा राहिला.

हीच चूक त्यांनी आधीही एकदा केली होती. त्या दिवशी बाबा सकाळी नेहमीसारखे खाली गेले. जेवायची वेळ झाली. थोरलीला वाटलं, धाकटी गेली असेल हाक मारायला. धाकटीला वाटलं, ताई खालीच आहे, तीच बोलावेल. पानं वाढली, वरण निवलं. आई म्हणाली, "गेलंय ना कुणीतरी?" आणि दोघी म्हणाल्या, "हो." उन्हं उतरली तेव्हा थोरली खाली गेली. बाबा स्टुलावर बसले होते, बॉयलरला टेकून, त्यामुळे अंग गरमच होतं. किती वेळ झाला ते कुणाला सांगता येईना. वेळेवर कुणी गेलं असतं तर काय झालं असतं, हेही कुणाला सांगता येईना. "तू जायचंस," एक म्हणाली. "तू जायचंस," दुसरी म्हणाली. त्या दोघींचं एकमेकींशी ते शेवटचं बोलणं.

दोघी जिना उतरून आईच्या खोलीत आल्या. बऱ्याच दिवसांनी एकदम दोघी दारात बघून आई अंथरुणात उठून बसली.

"कोण मेलं?"

"आई," थोरली म्हणाली, "बॉयलरला पाणी कोण घालतं?"

आईने एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, भीती तर नाहीच. "मला काय विचारता? मी इथे पडलेली. पण सकाळी नळीतून तो आवाज येतो ना, कॉक फिरवल्याचा, तो या खोलीत चांगला ऐकू येतो. तीनदा थोडं थोडं फिरवायचं, मग थांबायचं, मग एकदा. तुम्हा दोघींपैकी कुणाचाच हात तसा नाही. तुम्ही नळ सोडता ते म्हशी धुवायला सोडल्यासारखा."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कुणाशी? तुम्ही निरोप पाठवता, बोलता कुठे?" आईने गोधडी छातीशी ओढली. खोली गार होती, बोलताना तिच्या तोंडून वाफ निघत होती. "यांना कुणी वर बोलावलंच नाही, बायांनो. हे हाक मारल्याशिवाय कधी काम टाकून आलेत का? माझे गुडघे असते तर मी केव्हाच गेले असते."

खाली फुंकरने एव्हाना पंप बसवला होता. वेटोळं जोडलं होतं, तारा ओढल्या होत्या. भीती वाटली की त्याचे हात दुप्पट चालत. बहिणींना पायऱ्यांवर बघून तो घाईने बोलू लागला.

"पाणी आयतंच भरलंय, ते असू दे. मी काही विचारत नाही, तुम्हीही सांगू नका. फक्त एक काम राहिलंय. आपोआप भर घालणारं यंत्र. पाणी उतरलं की ते स्वतः थोडं सोडतं, माणूस लागत नाही. टाकी जोडल्यावर हा बॉयलर उन्हाळा-पावसाळा बारा महिने चालणार. यंत्राशिवाय मी पेटवणार नाही. घरात म्हातारं माणूस आहे. पण त्यासाठी हा जुना कॉक काढायला हवा. त्याच्या दोन्ही बाजूंचं पाणी मी बंद केलंय."

"मग काढा की."

"निघत नाही." त्याने कपाळ पुसलं. "मी लांब दांड्याचा पाना लावला. मी असले कॉक काढून काढून म्हातारा झालो, ताई. गंजलेला असला तर कुरकुरतो. हा कुरकुरत नाही. मी इकडून जेवढा जोर लावतो तेवढाच तिकडून लागतो. मी सोडलं की तोही सोडतो." त्याने पाना स्टुलावर ठेवायला म्हणून हात पुढे केला, मग विचार बदलून जमिनीवर ठेवला. "मी वर जाऊन चहा करून घेतो. चालेल ना?"

तो गेला. पायऱ्या चढताना त्याने एकदाही मागे बघितलं नाही.

तळघरात दिवसाचा उजेड वरच्या एका झरोक्यातून यायचा, तेवढाच. आग विझून एक दिवस होत आला होता, भिंती ओल धरून होत्या. पण स्टुलाशेजारी उभं राहिलं की एका बाजूने ऊब लागत होती. बॉयलरच्या बाजूने नव्हे. धाकटीने तिकडे हात नेला आणि काढून घेतला.

"ताई."

"हं."

"तू मार हाक. तू मोठी."

"तू लाडकी."

"तू जवळ होतीस त्या दिवशी."

"तू म्हणालीस, हो, गेलंय कुणीतरी."

"तूही म्हणालीस."

पुन्हा तेच सुरू होणार होतं. थोरलीला ते येताना दिसलं, गल्लीच्या टोकाला ओळखीचा भुंकणारा कुत्रा दिसावा तसं. काचेतलं पाणी हललं. वर गेलं नाही, खाली गेलं नाही. नुसतं थरथरलं, कुणी ऐकायला मान वळवावी तसं. तिने धाकटीचं मनगट धरलं. मनगट तिच्याइतकंच गार होतं.

"मी जायला हवं होतं," थोरली म्हणाली. "मी खाली होते."

"मी जायला हवं होतं. मला भूक लागली होती आणि मी ताटावर बसून राहिले."

मग दोघींनी एकदमच तोंड उघडलं आणि हाक एकीत एक अडकली. एक म्हणाली, "बाबा, चला," आणि दुसरी म्हणाली, "जेवायला वाढलंय." खोटंच होतं, सकाळची वेळ, स्वयंपाकाला अजून हातही लागला नव्हता.

काही झालं नाही. थोरलीने वाट बघितली. मग वाकून तिने पाना उचलला आणि कॉकला लावला. कॉक अलगद फिरला, आणखी फिरला आणि तिच्या हातात आला. पितळ गरम होतं, नुकतंच कुणीतरी मुठीतून सोडल्यासारखं.

"चल," ती म्हणाली. "पुढे हो."

धाकटी पुढे, थोरली मागे. आपल्या मागे काय आहे ते थोरलीने बघितलं नाही. पण पायऱ्या ती सावकाश चढली, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बरोबर नेताना चढतात तशी, आणि कठड्याच्या बाजूची जागा मोकळी ठेवून. वर धाकटीने दार धरलं होतं. थोरली आत आली तरी तिने ते सोडलं नाही. धरून उभी राहिली. गार हवेचा एक झोत आला, घरात गेला. मग तिने दार लावलं.

फुंकर कपबशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने बाजूला होऊन वाट दिली. दोघींना नव्हे; दोघी तर दारापाशीच होत्या.

यंत्र बसलं, आग पेटली. पंप हळू घुमू लागला, टाकीचं अंग तापलं आणि दुपारी न्हाणीघरातल्या नळातून आधी तांबूस, मग स्वच्छ गरम पाणी आलं. फुंकर निघताना म्हणाला, "काही लागलं तर बोलवा," आणि लगेच, "पण लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी कामावर गेली नाही. तिने आईला टबात बसवलं, नळ सोडला आणि ती जिन्यात आली. थोरली तळघरातून वर येत होती.

"बघितलंस?"

"बघितलं. बोटभर उतरलंय."

"रेघेच्या खाली?"

"खाली. मी उभी होते तेव्हाच यंत्राने टक्क केलं आणि स्वतः पाणी सोडलं."

धाकटी पायरीवर बसली. "म्हणजे गेले."

"गेले." थोरली तिच्याशेजारी बसली. पायरी अरुंद होती, दोघी आता पूर्वीसारख्या बारीक नव्हत्या, खांद्याला खांदा अडकला. आणि मग त्या रडल्या, मोठ्याने, नाक ओढत. माणूस गेल्या दिवशी रडायचं ते राहून गेलं होतं. त्या दिवशी दोघी भांडत होत्या.

"खोल्यांचं काय?" रडता रडता थोरलीने विचारलं. निरोप पाठवायला मध्ये कुणी नव्हतं, म्हणून सरळ विचारलं.

"तू राहा म्हणणार आहेस का?"

"राहा."

"एवढंच म्हणायचं होतंस, बाई. टाकी कशाला बसवलीस?"

वरून आईचा आवाज आला. "अगं, टब भरला! पाणी बाहेर चाललंय! कुणीतरी या!"

दोघीही उठल्या. अरुंद जिन्यात एकमेकींना अडखळत, कोपरं लागत, दोघीही धावल्या.